सोयाबीनच्या मुलखातलं जपानी जेवण

दसऱ्याच्या आगेमागे लातूर-नांदेडच्या कुठल्याही रस्त्याला लागा, सोयाबीन दिसतं. शेतात मळणीयंत्र सुरू असतं, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर रास वाळत असते. लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या नव्या मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. ओलावा किती, काडीकचरा किती, डागी दाणे किती, यावर भाव ठरतो. मग माल तेलगिरणीत जातो. दाण्यातलं 18 ते 20 टक्के तेल निघतं आणि जिच्यात सगळी प्रथिनं उरलेली असतात ती पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्या ताटात परत येतं ते तेल आणि फार तर रश्श्यात टाकलेल्या सोयावड्या. ज्या जिल्ह्यांनी हे पीक एवढं आपलंसं केलं, त्यांनी ते दाणा म्हणून खायला मात्र सुरुवातच केली नाही.

जपानमध्ये हाच दाणा शतकानुशतकं रोजच्या जेवणाचा कणा राहिला. बौद्ध मठांत मांस वर्ज्य होतं, दूधदुभतं जेवणात जवळपास नव्हतं आणि डोंगरातल्या गावांना मासळी रोज मिळत नसे. त्यामुळे प्रथिनांची मोठी भिस्त सोयाबीनवर होती. त्यांनी ते आंबवून मिसो केलं, गव्हासोबत आंबवून शोयू म्हणजे सोया सॉस केला, दूध काढून तोफू थापला, भाताच्या पेंढ्यात बांधून नात्तो केलं आणि कोवळ्या शेंगा उकडून खाल्ल्या. आज जपान आपल्या गरजेचं बहुतेक सोयाबीन बाहेरून विकत घेतो. आपल्याकडे ते दारात आहे, तेही जनुकीय बदल न केलेलं, कारण भारतात तशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही.

म्हणून जुन्या वळणाचं साधं जपानी जेवण घरी रांधायचं असेल, तर लातूर आणि नांदेड यांच्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, असं मला मनापासून वाटतं. सामान जवळजवळ सगळं इथलंच लागतं. बाहेरून आणायच्या वस्तू दोन-तीनच.

आधी कोणतं जेवण, ते ठरवू. सुशी, रामेन, तेंपुरा ही नावं आता नांदेडच्या पोरांनाही पाठ आहेत. पण हे जपानचं जुनं घरगुती जेवण नव्हे. भाताच्या मुटक्यावर ताज्या मासळीचा काप ठेवलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरचं खाणं म्हणून रुळली. तेंपुऱ्याचं तळण पोर्तुगिजांच्या संपर्कातून आलं, तर रामेन चिनी शेवयांपासून. खेड्यातल्या घरात आणि मठात जे रोज वाढलं जायचं ते वेगळं होतं: धान्याचा भात, एक वाटी सार, थोडं खारवलेलं लोणचं आणि असलीच तर एखादी भाजी. ऐपत आणि प्रसंग असेल तेव्हा भाज्या-पदार्थ तीन व्हायचे. एक सार आणि तीन पदार्थ ही मांडणी पुढे जपानी जेवणाची ओळख झाली आणि 2013 मध्ये युनेस्कोने जपानच्या पारंपरिक आहारपद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 2016 मध्ये, योशिहारु दोई या जपानी पाककृतीकाराने पुस्तक लिहून सांगितलं की घरच्या जेवणाला एक सार आणि एक पदार्थ पुरे, तीन पदार्थांच्या ओझ्याखाली घरच्यांनी दबू नये. रोज दोन्ही वेळा चुलीपुढे उभं राहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनाही हे पटेल.

या जेवणाची वैचारिक मुळं बौद्ध मठांत आहेत, आणि तो धागा आपल्या मातीपर्यंत येतो. सम्राट तेन्मु याने इसवी सन 675 मध्ये फर्मान काढून वर्षातले काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी केली. पुढच्या शतकांत ही मनाई कधी सैल तर कधी कडक होत राहिली. थेट 1872 मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा राजदरबारापुरता तरी तो काळ संपला. मधल्या हजारेक वर्षांत मठांच्या स्वयंपाकघरांनी शाकाहारी रांधणीची एक पूर्ण शाखा घडवली. तिला शोजिन र्योरी म्हणतात.

त्या शाखेचा सर्वांत महत्त्वाचा लेखक म्हणजे झेन गुरू दोगेन. 1223 मध्ये तो धर्म शिकायला चीनला गेला. बंदरात जहाज उभं असताना जवळच्या एका मठाचा आचारी सामान विकत घ्यायला जहाजावर आला. वय एकसष्ट, मैलोन् मैल चालत आलेला. दोगेनने त्याला रात्री मुक्कामाचा आग्रह केला. आचारी थांबेना. उद्याच्या जेवणाची जबाबदारी माझी आहे, म्हणाला. एवढ्या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून हा माणूस स्वयंपाकात का राबतो, हे तरुण दोगेनला तेव्हा उमगलं नाही. उमगलं ते पुढे, आणि 1237 मध्ये त्याने मठातल्या आचाऱ्यासाठी ‘तेंझो क्योकुन’ हा छोटा ग्रंथ लिहिला. तांदूळ स्वतः धुवावेत, खडे काढताना दाणा सांडू देऊ नये, भारी भाजी आली म्हणून हुरळू नये आणि हलका पाला आला म्हणून हात आखडू नये, असं तो बजावतो. मराठी वाचकाला त्यात आणखी एक ओळखीची गोष्ट भेटते. दोगेन सहा रस मोजतो. तिखट, आंबट, गोड, खारट, कडू हे पाच आपल्यासारखेच. सहावा मात्र आपल्या तुरटाच्या जागी अगदी सौम्य, पदार्थाची स्वतःची चव राखणारा. मसाला हात राखून, जवळजवळ न घालता केलेल्या या जेवणाचं मर्म त्या सहाव्या रसात आहे. मराठवाड्याच्या काळ्या तिखटावर वाढलेल्या जिभेला तो पहिल्या घासाला सापडणार नाही. दोन-तीन वेळा सवड द्यावी लागेल.

महाराष्ट्राशी अलीकडचा दुवा सांगायचा तर कोयासान. कुकाई या भिक्षूला 816 मध्ये मिळालेला हा डोंगर वाकायामा प्रांतात आहे. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा असून 2015 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्या डोंगरावरच्या मठांत उतरणाऱ्या पाहुण्यांना आजही शोजिन र्योरीच वाढतात, आणि गोठवून वाळवलेल्या तोफूला त्या डोंगराचंच नाव आहे, कोया-दोफू. अभिवादनाला जाणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाने तिथे जेवावंही.

आता धान्याकडे. जपान म्हणजे पांढराशुभ्र भात ही समजूत शहरांपुरती खरी आहे. तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, म्हणजे एदो काळात, शेतकरी सारा तांदळात भरायचा. पिकवलेला तांदूळ गढीत जायचा आणि त्याच्या घरी शिजायचे ते सातू, आवा, हिए आणि किबी. आवा म्हणजे तेच आपले राळे, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही एकच जात. हिए हे साव्याच्या कुळातलं, तर किबी म्हणजे वरी. उत्तरेकडच्या थंड डोंगरी भागात तर हिए विसाव्या शतकापर्यंत मुख्य अन्न होतं. निनोमिया सोन्तोकु या शेतीसुधारकाची एक गोष्ट जपानमध्ये पोरांना सांगतात. 1833 च्या उन्हाळ्यात त्याने वांगं खाल्लं आणि त्याला शरद ऋतूतल्या वांग्याची चव लागली. यंदा थंडी लवकर पडणार, भात हाती लागणार नाही, हे ओळखून त्याने गावकऱ्यांना हिए पेरायला लावलं. तेनपोचा मोठा दुष्काळ त्याच वर्षी सुरू झाला आणि ती गावं तगली. 1972 च्या दुष्काळात मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्लेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. भरड धान्याची किंमत त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

पांढऱ्या भाताची किंमतही जपानने मोजली. एदोत राहायला गेलेल्या माणसाचे पाय सुजायचे, बधिर व्हायचे, हृदय थकायचं. गावी परतला की बरा व्हायचा. लोक त्याला एदोचं दुखणं म्हणत. तो बेरीबेरी होता. सडलेल्या, पॉलिश केलेल्या तांदळातून कोंड्यासोबत ब1 जीवनसत्त्व निघून जायचं. 1882-83 मध्ये जपानी आरमाराच्या र्युजो या जहाजाच्या लांबच्या सफरीत 376 खलाशांपैकी 169 जण आजारी पडले आणि 25 दगावले. आरमाराचा वैद्य ताकाकी कानेहिरो याने 1884 मध्ये त्सुकुबा हे जहाज त्याच मार्गाने पाठवलं, पण खाणं बदलून. या वेळी बेरीबेरीने एकही माणूस गेला नाही. पुढे आरमाराच्या ताटात सातू मिसळलेला भात आला. ताकाकीला वाटलं होतं की कमतरता प्रथिनांची आहे. खरं कारण कोंड्यात होतं, आणि 1910 मध्ये उमेतारो सुझुकीने ते द्रव्य कोंड्यातूनच वेगळं केलं.

तेव्हा आपला भातही मिसळीचाच करू. इंद्रायणी तांदूळ किंचित चिकट होतो. काडीने उचलण्याजोगा भात त्याचाच होतो. बासमती इथे चालत नाही. दीड वाटी इंद्रायणी आणि अर्धी वाटी राळे घ्या. राळे बारीक असतात, ते वेगळे, बारीक गाळणीत धुवा. दोन्ही मिळून अर्धा तास भिजवा, निथळा आणि जाड बुडाच्या पातेल्यात पावणेतीन वाट्या पाणी घालून झाकण लावा. उकळी येईपर्यंत मोठी आच, मग अगदी मंद आचेवर बारा मिनिटं, मग आच बंद करून दहा मिनिटं. या सगळ्या वेळात झाकण उघडायचं नाही. मीठ, तूप, जिरं काहीच नाही. राळे मिळाले नाहीत तर सातू चालतील, पण ते आधी वेगळे अर्धकच्चे शिजवून घ्यावे लागतात. लातूरला गंजगोलाईच्या आसपास आणि नांदेडला इतवारा, वजिराबाद भागातल्या किराण्यात चौकशी करा. भरड धान्यांकडे लोक पुन्हा वळल्यापासून राळे पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाहीत.

सार हा या जेवणाचा जीव आहे, आणि साराचा जीव त्याच्या पाण्यात. त्या पाण्याला दाशी म्हणतात. एरवी ती कोंबू या समुद्री शेवाळाची आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कापांची करतात. तोक्योच्या विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा याने 1908 मध्ये कोंबूच्या पाण्यातलं ग्लुटामेट शोधून काढलं आणि गोड-खारट-आंबट-कडूपलीकडच्या त्या चवीला उमामी हे नाव दिलं. पुढे आकिरा कुनिनाका याने शिताके या अळंबीतलं ग्वानिलेट ओळखलं आणि दाखवलं की ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसती बेरजेने नव्हे, कित्येक पटींनी वाढते. मठातले आचारी कोंबूच्या जोडीला वाळलेली अळंबी का घालत होते, त्याचा उलगडा असा शतकानंतर शतकं उलटल्यावर झाला.

समुद्रापासून इतक्या दूर आपण काय करायचं? मठांची दाशी इथे उपयोगी पडते. तिच्यात कोंबू आणि अळंबीच्या बरोबरीने भाजलेले सोयाबीनचे दाणे आणि कानप्यो घालतात. कानप्यो म्हणजे भोपळ्याच्या गराच्या लांब पट्ट्या काढून उन्हात वाळवलेल्या. हा भोपळा आणि आपला दुधी वनस्पतिशास्त्रात एकाच जातीचे. चैत्र-वैशाखात कुरडया-पापड्या घालणाऱ्या, गवार वाळवणाऱ्या घरांनी एक दिवस दुधी सोलून त्याच्या पट्ट्या दोरीवर टाकाव्यात. लातूरच्या उन्हात दोन दिवसांत कडकडीत वाळतात आणि वर्षभर टिकतात. दाशीसाठी एक लिटर पाण्यात मूठभर खमंग भाजलेलं सोयाबीन, चार वाळलेली शिताके अळंबी आणि दहा-बारा ग्रॅम दुधीच्या पट्ट्या रात्रभर भिजत घाला. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच. सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवून गाळा. अळंबी आणि पट्ट्या चिरून सारातच घालायच्या. कोंबूची दहा ग्रॅमची पट्टी मिळाली तर दाशी कितीतरी खोल होते. ती आणि शिताके ऑनलाइन मागवावी लागतील, पण वाळलेल्या असल्याने महिनोन् महिने राहतात. मांसाहारी घरांना आणखी एक वाट आहे. गरीब जपानी घरांत बोनिटो परवडत नसे, तिथे लहान सुक्या मासळीची दाशी व्हायची. आपल्या आठवडी बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायका असतातच. डोकं आणि पोटाचा काळा भाग काढून, कोरडी भाजून, तिचं पाणी काढा.

मिसो मात्र विकत घ्या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आंबिल करणाऱ्या या मुलखाला आंबवणं नवं नाही. पण मिसोचं आंबवण वेगळं. त्यासाठी भातावर किंवा सातूवर कोजी ही बुरशी वाढवावी लागते. तिचं बियाणं खात्रीचं हवं, उबदार दमट हवा सांभाळावी लागते आणि मग सोयाबीन, मीठ आणि कोजी मिसळून महिनोन् महिने थांबावं लागतं. कोजीची सख्खी भाऊबंद असलेली एक रानटी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, शेंगदाण्यावर दिसते तीच. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही. घरात आपोआप आलेल्या बुरशीवर हा प्रयोग कोणी करू नये. बाजारातला मिसोचा डबा फ्रिजमध्ये वर्षभर राहतो आणि एका वाटी साराला मोठा चमचाभरच लागतो. सोया सॉस घेतानाही बाटलीवरची यादी वाचा. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच असेल तो खरा आंबवलेला. कॅरामलचा रंग दिलेला, चायनीजच्या गाड्यावरचा काळा सॉस या जेवणाची चव मारतो.

आता तोफू. मला या सगळ्या जेवणात सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं ते त्याच्यावर, कारण मोंढ्यातल्या पोत्याचं जेवण इथे होतं. चीनहून मठांमार्गे तोफू जपानला गेला, आणि एदो काळात तो इतका घरचा झाला की 1782 मध्ये ओसाकात ‘तोफू ह्याकुचिन’ हे तोफूच्या शंभर पाककृतींचं पुस्तक निघालं. ते एवढं खपलं की पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग काढावा लागला. आपल्या घरात पनीरसाठी दूध फाडलेलं ज्याने पाहिलं आहे, त्याला तोफू जमतोच.

पाव किलो सोयाबीन घ्या. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या हिशेबाने हा दाणा सव्वातेरा रुपयांचा झाला. डागी, सुरकुतलेले, हिरवट दाणे वेचून काढा. पेरणीसाठी औषध चोळलेलं, रंग लावलेलं बियाणं कधीही वापरायचं नाही, धुऊनसुद्धा नाही. दाणे हिवाळ्यात दहा तास, उन्हाळ्यात सहा तास भिजवा. भिजलेला दाणा दुप्पट फुगतो आणि दोन बोटांत दाबला की डाळीसारख्या दोन फाका होतात. पाणी फेकून, टरफलं निघतील तेवढी चोळून काढा.

सोयाबीनला जो कच्चट, हिरवट वास येतो आणि ज्यामुळे आपल्याकडे ते खाण्यातून बाद झालं, तो दाण्यातल्या लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे. दाणा फुटला आणि त्याला हवा-पाणी मिळालं की ते विकर दाण्यातल्या तेलावर काम करू लागतं. उष्णतेने ते मरतं. म्हणून मिक्सरमध्ये दाणे गार पाण्यात न वाटता कडकडीत गरम पाण्यात वाटा. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होतं. पाव किलोला एकूण पावणेदोन लिटर पाणी पुरतं. वाटलेलं सगळं मोठ्या पातेल्यात घ्या, निम्मं रिकामं राहील एवढ्या मोठ्या, कारण याला ऊत दुधापेक्षा झपाट्याने येतो. तळ धरू न देता ढवळत, फेस काढत, उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं शिजवा. हे टाळू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य असतं, ते नीट उकळल्यानेच निष्प्रभ होतं. कच्चं दूध चाखूनही पाहू नका.

मग पंचातून गाळा आणि पुरचुंडी पिळून घ्या. खाली दूध, वर चोथा. दूध पुन्हा गरम करून खाली उतरवा आणि पाच मिनिटं निवू द्या. बोट क्षणभरही ठेववणार नाही, पण उकळतही नसेल, म्हणजे साधारण 75 ते 80 अंश. जपानात समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारं निगारी घालतात. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं. आपण दोन मोठ्या लिंबांचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळू आणि तीन हप्त्यांत, कडेकडेने, हळू हाताने सोडू. ढवळाढवळ केली की कण बारीक होऊन तोफू भुसभुशीत होतो. झाकून पंधरा मिनिटं ठेवा. वर पिवळसर स्वच्छ पाणी सुटलं की झालं. पाणी दुधाळ राहिलं तर अजून दोन चमचे रस. चाळणीत ओलं कापड अंथरून गोळा त्यात घाला, घडी करा आणि वर किलोभर वजन अर्धा तास ठेवा. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तोफू मिळतो. गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवला आणि पाणी रोज बदललं तर तीन दिवस चांगला राहतो. लिंबाची किंचित आंबूस झाक त्याला राहते. खाण्यायोग्य दर्जाचं मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर तीही जाते. कोया-दोफूसारखा पोत हवा असेल तर काप फ्रीझरमध्ये रात्रभर गोठवा आणि दुसऱ्या दिवशी वितळवून पिळा. जाळीदार होतो आणि सार भरपूर शोषतो.

चोथा फेकू नका. जपानी घरात तो गाजर-अळंबीसोबत परतून वेगळा पदार्थ होतो. आपल्याला तर धपाटे आहेतच. ज्वारीच्या पिठात वाटीभर चोथा मळला की धपाटे मऊ राहतात.

चार माणसांच्या साराला चार-साडेचार वाट्या दाशी उकळा, त्यात मुळ्याच्या पातळ चकत्या आणि चिरलेला मुळ्याचा कोवळा पाला घाला. मुळा शिजला की तोफूचे चौकोनी तुकडे सोडा आणि आच बंद करा. चार मोठे चमचे मिसो थोड्या गरम दाशीत कालवून मगच वर ओता. मिसो घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, सुवास उडून जातो. वर पातीचा कांदा. लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा सुगंध न्याराच, पण या सारात ती घालू नये. मिसोवर मात करते.

बाकी दोन पदार्थ झटपट होतात. पालकाची जुडी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार पाण्यात टाका, घट्ट पिळा, बोटाएवढे तुकडे करा. तीन चमचे तीळ भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटा, त्यात दोन छोटे चमचे सोया सॉस आणि चमचाभर किसलेला गूळ कालवून पालकाला चोळा. जुन्या जपानात साखर महाग होती, तेव्हा गूळ हात राखूनच. मुळ्याच्या काड्या करून वजनाच्या दोन टक्के, म्हणजे पाव किलोला पाच ग्रॅम मीठ चोळा, लिंबाच्या सालीचे चार धागे टाका आणि वजनाखाली तासभर ठेवा. पाणी पिळून वाढा. तेल या सबंध जेवणात थेंबभरही नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुनं जपानी जेवण म्हणजे दीर्घायुष्याची किल्ली, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धसत्य आहे. त्या जेवणात मीठ फार होतं आणि प्रथिनं-चरबी अनेकांना अपुरी पडत. उत्तर जपानात गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्षाघाताने माणसं मोठ्या प्रमाणावर जायची, आणि खारवलेल्या लोणच्यांचा, मिसोचा त्यात वाटा होता. जपानी माणसाचं आयुर्मान झपाट्याने वाढलं ते युद्धानंतर, मीठ कमी झालं, दूध-अंडी-मांस ताटात आलं आणि आरोग्यसेवा सुधारली तेव्हा. एका वाटी मिसोसारात सव्वा ते दीड ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब असलेल्यांनी मिसो निम्मा घालावा, मुळा कमी खावा आणि शेजारी दह्याची वाटी घ्यायला कचरू नये. जुन्या रीतीला त्याने काही धक्का बसत नाही.

सोयाबीनची सर्वांत सोपी आणि सर्वांत चविष्ट जपानी रीत मी शेवटी ठेवली आहे, कारण ती फक्त शेतकऱ्याच्याच हातात आहे. शेंगा हिरव्यागार आणि दाणे पूर्ण भरलेले, पण झाड अजून पिवळं पडायचं आहे, असे मोजके दिवस येतात. साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. तेव्हा शेंगा तोडून, खारट पाण्यात पाच-सात मिनिटं उकडून, गरम असतानाच दाणे दातांनी काढून खायचे. जपानमध्ये याला एदामामे म्हणतात आणि हंगामात घरोघर हेच खातात. ज्वारीच्या हुरड्याला जी गोडी, तीच सोयाबीनच्या या शेंगांना. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या भागासाठी ‘एमएयूएस 71’, ‘एमएयूएस 158’, ‘एमएयूएस 612’ असे वाण दिले, ते दाण्याच्या उत्पादनासाठी. भाजी म्हणून खायचा खास वाणही देशात आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या रांचीच्या केंद्राने ‘स्वर्ण वसुंधरा’ काढला आहे. त्याचा एक वाफा बांधाच्या कडेला लावून पाहायला हरकत नाही. तो नसेल तर आपल्याच वाणाच्या शेंगा उकडा, दाणा थोडा लहान असेल एवढंच.

अडचण फवारणीची आहे. अळी आणि खोडमाशीसाठी सोयाबीनवर ज्या दिवसांत औषध मारलं जातं, तेच शेंगा भरण्याचे दिवस. म्हणून माझी विनंती आहे: येत्या खरिपात घरच्या खाण्यासाठी चार-पाच ओळी पेरणीच्या दिवशीच वेगळ्या ठेवा, त्यांच्यावर रासायनिक फवारा घेऊ नका, निंबोळी अर्कावर काय निभेल ते निभू द्या. अर्ध्या शेंगा हिरव्या खा, उरलेल्यांची रास वेगळी करा आणि ते दहा-वीस किलो मोंढ्यावर नेऊ नका. वर्षभर घरच्या तोफूला तेवढं पुरतं.